गुरुजींना न दाखवलेलं मैदान

आमच्या युसूफ वडगावात आम्रपाली सिस्टरना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. गावाच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी उभा जन्म काढला. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं आणि उरलेल्या निम्म्याला त्यांनी टोचलं. मी अफसाना. बाजारात माझं ऑनलाइन सेंटर आहे. आधार, सातबारा, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, असली कामं करते. माझी दोन्ही बाळंतपणं सिस्टरनीच केली, तेव्हा मी त्यांच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते. गुरुजींची बाजू ज्यांना ऐकायची असेल त्यांनी पारावर जावं. तिथं ती पुष्कळ वर्षं रोज संध्याकाळी फुकट ऐकायला मिळत होती.

गुरुजी म्हणजे सिस्टरचे मालक, कचरू गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, असं गावात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर हात उचलला नाही, एवढ्यावर आपल्याकडं पुरुषाला चांगुलपणाचं सर्टिफिकेट मिळतं. गुरुजींना वेड होतं ते क्रिकेटचं. कानाला रेडिओ लावून त्यांनी पोरांना पाढे शिकवले. दोस्त विजयसिंह यांच्याबरोबर ते हैदराबादला गेले, पुण्याला गेले, मुंबईला तर कितीदा गेले. सिस्टरना त्यांनी अजिंठासुद्धा दाखवला नाही.

या सगळ्या सफरींत त्यांची लाडकी होती नागपूरची. सत्त्याऐंशीच्या वर्ल्ड कपची मॅच. तिकीट कसं मिळालं, ऊन कसं होतं, शेजारच्या सरदारजीनं पराठा कसा खाऊ घातला, आणि मग पहिल्या चेंडूपासून कॉमेंट्री, अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, मधूनच लोकांच्या ओरडण्याचा आवाजसुद्धा स्वतःच काढायचा. सांगायचे मात्र झकास, खोटं कशाला बोलू. लग्नाच्या मांडवात, साखरपुड्यात, निवडणुकीच्या दिवसांत पारावर लोक हटकून म्हणायचे, गुरुजी, नागपूर होऊन जाऊ द्या. सिस्टर त्या वेळी तिथं असल्या तर चहाचे कप गोळा करायला आत जायच्या. कप भरलेले असले तरी जायच्या.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, नारळ, साडी, सगळं रीतसर. यजमानांनी दोन शब्द बोलावेत म्हणून गुरुजींच्या हातात माईक दिला. बायकोबद्दल ते एक वाक्य बोलले आणि दुसऱ्या वाक्याला नागपूरच्या एसटीत जाऊन बसले. पूर्ण मॅच झाली. टाळ्या झाल्या. मग म्हणाले, "आता एकच इच्छा राहिली. वेस्ट इंडीज. तिथली मैदानं डोळ्यांनी बघायची. आमी दोघं जाणार हावोत."

कुणीतरी मागून विचारलं, "दोघं म्हंजी सिस्टर आन तुमी का?"

"ही?" गुरुजी हसले. "मी आन विजयसिंह. हिला काय कळतंय तिथलं? ही तिथंबी पोरांना डोस पाजत बसंल."

हॉल हसला. स्वतःच्या सत्काराला बसलेल्या बाईनं मांडीवरचा नारळ खाली ठेवला आणि पदर नीट केला. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सिस्टर शटरपाशी उभ्या. म्हणाल्या, "वेस्ट इंडीजला जायला काय लागतं ते बघ बरं."

"गुरुजींबरोबर जाताय?"

"गुरुजींच्या आधी."

मला वाटलं, कालच्या रागाचं आहे, चहा पाजला की उतरेल. म्हणून विचारलं, कावून एवढं मनाला लावून घेता, बोलायचीच सवय आहे त्यांना. तेव्हा सिस्टरनी मला जे सांगितलं ते या गावात दोन-चार म्हाताऱ्या सोडल्या तर कुणाला माहीत नव्हतं.

"नागपूरच्या मॅचच्या टायमाला मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात होते," त्या म्हणाल्या. "सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. ह्यांना सांगितलं. म्हणले, पहिलटकरणीला लई येळ लागतो, मी मॅच बगून येतो. गेले. पोरगी झाली. एक रात्र जगली. आमचे धाकटे दीर, परमेश्वर, त्यांनी टॉवेलात गुंडाळून नेली आन माती दिली. हे आले तिसऱ्या दिवशी. दारातनं पैलं वाक्य काय, तर काय मॅच झाली म्हणून सांगू."

"मग कळल्यावर?"

"गप बसले. दोन दिवस जेवले न्हाईत. पर इचारलं न्हाई काही. कशी हुती, कुणावर गेलती, एक शब्द न्हाई. त्या दिवसापासून आजपातूर न्हाई. आन वर्षभरानं पारावर नागपूरची मॅच सांगाया लागले." सिस्टरचा आवाज जराही हलला नाही. "माझ्या पोरीचा दिवस हाय तो. त्याच्यावर हे टाळ्या घेत्यात. काल माझ्या सत्कारात घेतल्या. म्हणून मला त्यांचं मैदान पायजे. त्यांनी जन्मभर ज्याचा जप केला ते मी बगणार, आन त्यांना बगू देणार न्हाई."

मी कॉम्प्युटर चालू केला.

आता गंमत ऐका. गुरुजी आणि विजयसिंह यांनी बीडच्या कुण्या एजंटाकडं कधीपासून वेस्ट इंडीजच्या व्हिसासाठी खेटे घातले होते. तो दर वेळी सांगायचा, सध्या बंद आहे, दिवाळीनंतर बघा. गुरुजी पारावर येऊन गंभीर तोंडानं सांगायचे, वेस्ट इंडीजचा व्हिसा बंद हाय. आम्हालाही ते खरंच वाटायचं. मी शोधायला बसले तर देशांच्या यादीत वेस्ट इंडीज सापडेचना. वरून खाली, खालून वर बघितलं. मग वाचत गेले तेव्हा उजेड पडला. वेस्ट इंडीज नावाचा देशच नाही. कितीतरी बेटं आहेत, त्यांतली बरीचशी स्वतंत्र देश, ज्याचा त्याचा झेंडा, ज्याचा त्याचा पंतप्रधान. फक्त क्रिकेट खेळायला सगळी एकत्र येतात. पन्नास वर्षं रेडिओ ऐकून ज्यांना तिथल्या प्रत्येक गोलंदाजाचा रनअप पाठ, त्यांना एवढं ठाऊक नव्हतं. कारण स्कोअरबोर्डावर भारत हा देश, पाकिस्तान हा देश, मग वेस्ट इंडीज हाही देशच असणार.

"म्हंजी हे दोघं जो देश न्हाई त्याचा व्हिसा मागत हुते?" सिस्टरनी विचारलं आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग एकदम थांबल्या. "हे त्यांना कळता कामा नये. तुला तुझ्या लेकरांची शपथ हाय."

बेट कुठलं निवडायचं यावर फार खल झाला नाही. गुरुजींचा जीव ग्रेनाडावर होता. कधीतरी रेडिओवर कुणी सांगितलं होतं म्हणे की तिथं समुद्र अगदी मैदानाशेजारी आहे. तेव्हापासून ग्रेनाडा हे त्यांच्या लेखी वेस्ट इंडीज देशातलं एक शहर होतं, आपल्याकडं लातूर असतं तसं. आम्हाला कळलं की तो आपल्या केज तालुक्याहून लहान असा अख्खा देश आहे, आणि आपल्या पासपोर्टवर तिथं थोडे दिवस राहायला आधी व्हिसा काढावाच लागत नाही. जे दार गुरुजींना बंद म्हणून सांगितलं जात होतं त्याला कडीसुद्धा नव्हती.

सिस्टरनी सफरीची आखणी पल्स पोलिओची करतात तशी केली. पोलिओच्या मोहिमेत आधी सगळ्या गावाचा नकाशा हातानं काढतात. कुठली वस्ती कुठल्या दिवशी, टीम कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार, चुकून राहिलेली घरं कधी उरकायची. त्यांनी तसाच ग्रेनाडाचा नकाशा काढला आणि माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर चिकटवला. लंडनवरून गेलं तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागत होता, म्हणून ते रद्द. मुंबईवरून ॲमस्टरडॅम, तिथून बार्बाडोस, तिथून छोट्या विमानानं ग्रेनाडा. दिवाळी झाल्यावर लगेच निघायचं, कारण तिकडं परदेशी लोकांची गर्दी नंतर सुरू होते आणि तोवर सगळं स्वस्त असतं.

राहायला मी आधी समुद्रकाठची हॉटेलं दाखवली. भाडं ऐकून सिस्टर म्हणाल्या, "काठावर कशाला? समुद्र काय हॉटेलवाल्याचा हाय का? चालत जाता येतंय." शेवटी टेकडीवरच्या एका बाईच्या घरातली खोली ठरली, जिच्यात गॅसची शेगडी होती. टॅक्सी करायची नाही, तिथल्या लोकांच्या छोट्या बसगाड्या असतात त्यांतनं फिरायचं. डाळ-तांदूळ तिथंच घ्यायचा. शेंगदाण्याची चटणी घरनं न्यायची. स्वतःच्या ग्रॅच्युइटीतून जायचं, पुण्याच्या पोराकडून, पवनकडून, दमडी घ्यायची नाही. त्याला सांगितलं मात्र. तो फोनवर एवढंच म्हणाला, मम्मी, जा.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येणार, तेव्हा गुरुजींना काहीतरी सांगणं भाग होतं. सिस्टरनी सांगितलं, अंबाजोगाईच्या बायकांबरोबर श्रीलंकेला चालले, अनुराधापूरला, बोधिवृक्षाच्या दर्शनाला. धर्माच्या नावानं खोटं बोलल्याचं त्यांना लागलं. मला म्हणाल्या, पुढच्या वर्षी खरंच जाईन आन तिथंच कबूल करीन. गुरुजी काय म्हणाले असतील? म्हणाले, "जा की. श्रीलंकेचे स्पिनर लई चांगले." चौकशीला आलेल्या पोलिसालासुद्धा त्यांनी मोठ्या कौतुकानं हेच ऐकवलं.

निघायच्या दिवशी विहारातल्या बायका फुलं घेऊन एसटी स्टँडवर आल्या. गुरुजींनी स्वतः हार घातला आणि बॅग गाडीत चढवली. "सांभाळून जा. पाणी उकळून पी," असं म्हणाले. मला क्षणभर त्यांची दया आली. मग नागपूर आठवलं आणि गेली.

पुढचं सगळं आम्ही दोघींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. तिकडं सकाळ असते तेव्हा आपल्याकडं संध्याकाळ. सिस्टर मैदानात जाणार होत्या त्या संध्याकाळी मी गुरुजींना दुकानात बोलावून घेतलं, पेन्शनच्या कागदाचं निमित्त केलं. विजयसिंह बरोबर होतेच. माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मी फोन गुरुजींच्या हातात दिला.

पडद्यावर सिस्टरचा चेहरा आणि मागं निळंशार आभाळ. केस वाऱ्यानं उडत होते. गुरुजी खुशीत म्हणाले, "काय गं, दर्शन झालं का?"

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "ग्रेनाडाच्या मैदानात बसलेय. मॅच न्हाई आज. शिपायानं आत सोडलं."

गुरुजी हसले. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे बदलले. मागून समुद्राचा आवाज येत होता. कुणीतरी परक्या बोलीत हाक मारून गेलं.

"कुठल्या ग्रेनाडाच्या?"

"तुमच्याच."

"आगं, पर व्हिसा बंद..." त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कुठल्या देशाचा व्हिसा, गुरुजी?" मी विचारलं, आणि वेस्ट इंडीजचं सगळं खरं तिथंच, विजयसिंहांच्या देखत, सावकाश सांगितलं. इतकं गोड मला कधी काही बोलता आलं नव्हतं. विजयसिंह स्टुलावर बसले. गुरुजींना मात्र त्याची लाज वाटायलाही सवड नव्हती. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "बरं ते ऱ्हाऊ दे. कॅमेरा फिरव. जरा मैदानाकडं फिरव. पिच कुठंय? समुद्र कुठल्या अंगाला हाय?"

"हवा लई चांगली हाय इथं," सिस्टर म्हणाल्या. "जेवलात का?"

"आमू, फिरव ना गं." आमू हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"भाजी फ्रिजात हाय. गरम करून घ्या." आणि फोन बंद झाला.

गुरुजी काळ्या पडद्याकडं बघत बसले. मी म्हटलं, आता तुम्हाला रस्ता कळला, तुम्ही पण जाऊन या की. बोलताना मला पक्कं ठाऊक होतं की विजयसिंहांचं डायलिसिस सुरू झालंय आणि एकट्यानं विमानात बसायची गुरुजींची छाती नाही.

सिस्टर परत आल्या त्या रंगानं आणखी काळ्या होऊन आणि पिशवीभर जायफळ घेऊन. तिथं जायफळाची झाडं आहेत, आपल्याकडं चिंचा असतात तशी. आठवडाभर बायकांची रीघ होती. सिस्टरनी सगळं सांगितलं: घरमालकीण बाई कशी दर रविवारी टोपी घालून चर्चला जाते, बसगाडीत गाणी किती मोठ्यानं लावतात, उसाचे मळे पूर्वी तिथंही होते आणि ते तोडायला आपल्या देशातली माणसं जहाजानं नेली होती, त्यांच्या नातवंडांची आडनावं अजून ओळखू येतात. मासळीबाजार सांगितला, पाऊस सांगितला. मैदान सांगितलं नाही. फोटोही काढला नव्हता.

गुरुजी आधी रागावले. दोन दिवस बोलले नाहीत, जेवण मात्र वेळेवर केलं. मग राग गेला आणि भूक उरली. आडून आडून विचारायचे. गवत कसलं असतंय गं तिकडं? सिस्टर म्हणायच्या, चहा घ्या. प्रेक्षकांना बसायला सावली हाय का? सिस्टर म्हणायच्या, तुमच्या गोळ्या संपल्यात. बायकांना गोष्टी सांगताना गुरुजी दाराआड येऊन उभे राहिले की सिस्टर वाक्य अर्ध्यावर सोडून धान्य निवडायला घ्यायच्या. पारावर लोकांनी एकदा नागपूरची फर्माईश केली, तर कुणीतरी म्हणालं, आता नागपूर काय सांगता, तुमच्या सिस्टर ग्रेनाडाला जाऊन आल्या. त्यानंतर गुरुजी पारावर जाईनासे झाले.

मग गाव पालटलं. सिस्टरनी लई ताणलं, म्हातारा झुरायला लागला, बाईच्या जातीला एवढं बरं न्हाई, असं लोक बोलू लागले. ज्यांनी हॉलमध्ये दात काढले होते तेच. मी सिस्टरना विचारलं, तुम्हाला वाईट वाटतंय का? त्यांनी खरं सांगितलं. "न्हाई गं. वाटायला पायजे, पर लई बरं वाटतंय. रोज सकाळी उठले की आधी तेच आठवतंय आन बरं वाटतंय."

पेन्शनवाल्यांना वर्षाअखेरीस हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर अंगठा लावला की माणूस जिवंत असल्याचं सरकारला कळतं. गुरुजी दुकानात येईनात, म्हणून मीच यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. गुरुजी खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. सिस्टर आत भाकरी करत होत्या. मी आधार नंबर टाकला आणि म्हटलं, गुरुजी, अंगठा ठेवा.

त्यांनी अंगठा ठेवला नाही. आतल्या दाराकडं न बघता म्हणाले, "पोरगी रडली हुती का?"

मला आधी काही समजलंच नाही. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

बराच वेळ सिस्टर बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हाताला पीठ होतं. त्या त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत, उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं, आता चहा घ्या म्हणतील. मनातल्या मनात मी तेच म्हणा म्हणत होते, कारण इतक्या वर्षांनी विचारणाऱ्याला उत्तर कशाला द्यायचं?

"रडली," सिस्टर म्हणाल्या. "लई बारीक. दाई म्हणली, ऐकू तरी येतंय का बगा. मला येत हुतं."

गुरुजींनी खुर्ची उंबऱ्याकडं वळवली.

"केस लई हुते. कपाळापातूर. रंग तुमच्या आईवर गेलता. माझं बोट धरलं तर सोडंना, तिथल्या नर्सला सोडवाया लागलं. रातभर उचक्या लागत हुत्या. मी म्हणायची, तुजे पप्पा आठवण काढायलेत, म्हणून लागत्यात. पहाटं थांबल्या."

जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आलेला हा माणूस पहिल्यांदा नुसता ऐकत होता. सिस्टरनी आणखी सांगितलं, टॉवेल कुठल्या रंगाचा होता, परमेश्वरनं तिला नेताना काय म्हटलं, दूध आलं तेव्हा काय केलं. मी तिथं असायला नको होतं, पण उठताही येईना. गुरुजी रडत होते, तोंड न झाकता.

सिस्टर उठल्या. "पोरगी तुमचीबी हुती," त्या म्हणाल्या, "म्हणून इचारल्यावर सांगितलं. मैदानाचं मातर इचारू नका. ते म्या सांगणार न्हाई. मरंपातूर न्हाई."

गुरुजींनी मान हलवली. सिस्टर तव्यावरची भाकरी करपली म्हणत आत गेल्या. मी यंत्र पुढं केलं आणि गुरुजींनी अंगठा ठेवला, पण तो लागेना. त्यांचा हात ओला होता, मी तो माझ्या ओढणीनं पुसून अंगठा पुन्हा ठेवायला लावला.